पक्षाघातानंतर पुनर्वसन रुग्णालय की घर?

सांगली-मिरजेतल्या रुग्णालयातून पक्षाघाताच्या रुग्णाला सुट्टी मिळाली की, त्याला काही आठवडे पुनर्वसन रुग्णालयात ठेवायचे की घरी नेऊन फिजिओथेरपिस्टला रोज बोलवायचे, असा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो. खर्चाचा हिशेब सगळेच मांडतात. सुरक्षिततेचा हिशेब मात्र वडिलांच्या वेळी आम्ही मांडला नव्हता, म्हणून येथे तेवढाच मांडतो.

सर्वांत मोठा फरक गिळण्यात पडतो. चांगल्या पुनर्वसन रुग्णालयात गिळण्याची तपासणी झाल्याखेरीज रुग्णाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालत नाहीत. घरी मात्र मायेपोटी पेजेचा चमचा पुढे होतो. आईने वडिलांना पाणी पाजले, ठसका लागला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पाण्यानंतर त्यांचा आवाज ओलसर, घरघरता झाला होता, याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. चौथ्या दिवशी ताप चढला आणि न्यूमोनिया निघाला. ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत उतरू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

अंथरुणातील जखमा टाळण्यासाठी साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते. रुग्णालयात पाळ्या असतात आणि तशी नोंदही ठेवतात; घरी रात्री जागायला दोन माणसे आलटून-पालटून नसतील, तर हवेची गादी आणूनही भागत नाही. जंतुसंसर्गाचा धोका मात्र घरी कमी.

पडण्याच्या बाबतीत रुग्णालय आपोआप सुरक्षित ठरत नाही. वडिलांना नंतर जेथे ठेवले, तेथेच चाकाच्या खुर्चीचा एक ब्रेक लावायचा राहिला आणि पलंगावरून उतरताना ते घसरले. त्यामुळे रुग्णालय निवडताना यंत्रसामग्री पाहण्याऐवजी वॉर्डात दहा मिनिटे उभे राहावे आणि रुग्णाला उठवण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावतात का, त्याला कमरेच्या पट्ट्याने धरतात की लुळ्या हाताला ओढतात, हे पाहावे. त्या ओढण्याने खांदा निखळू शकतो. घरी न्हाणीघराचा उंबरा आणि ओली फरशी, एवढ्या दोन गोष्टींचा बंदोबस्त आधी करावा.

गिळण्याची खात्री नसेल, रुग्णाला स्वतः कूस बदलता येत नसेल किंवा त्याला भान कमी असेल, तर माझे मत निःसंशय रुग्णालयाच्या बाजूने आहे. एरवी घर चालेल. फक्त सुट्टीआधी परिचारिकेसमोर रुग्णाला पलंगावरून खुर्चीत तुम्ही स्वतः बसवून दाखवा आणि ती चुका सांगेल त्या तिथेच दुरुस्त करा.