इराणवरचे निर्बंध: सगळ्यांनी मिळून की एकट्या अमेरिकेने?

२०१० मध्ये इराणच्या अणुकार्यक्रमावरून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंधांचा ठराव १९२९ मंजूर केला, तेव्हा रशिया आणि चीननेही बाजूने मत दिलं. मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, बाहेर काढल्या गेल्या, जुलैपासून युरोपने तेल घेणं थांबवलं. तेल विकलं तरी पैसे आणायचे कसे? भारत बिलाचा काही भाग कोलकात्याच्या यूको बँकेत रुपयांत भरू लागला. ते रुपये इराणला भारतीय मालावरच, म्हणजे तांदूळ, औषधं वगैरेंवर खर्च करता येत. अशी सगळ्या बाजूंनी कोंडी झाल्यावर निर्बंध उठवण्याच्या बदल्यात अणुकार्यक्रमाला मर्यादा घालणारा २०१५ चा करार झाला आणि युरेनियमचं समृद्धीकरण (ते जितकं जास्त, तितका अणुबाँब जवळ) ३.६७ टक्क्यांवर थांबलं.

मे २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले आणि अमेरिकेने निर्बंध पुन्हा लादले. युरोपचा विरोध होता, तरी अमेरिकी बाजारपेठ गमावण्याच्या भीतीने तिथल्या कंपन्यांनी इराणमधून काढता पाय घेतला. २०१९ मध्ये भारतानेही इराणी तेल बंद केलं. आर्थिक मार तितकाच जबर होता, पण करार पाळूनही शिक्षा मिळाल्यावर तेहरानने माघार का घ्यावी? २०२१ मध्ये समृद्धीकरण ६० टक्क्यांवर गेलं. चीन स्वस्तात तेल घेत राहिला.

औषधांना दोन्ही वेळा कागदोपत्री सूट होती. बँका व्यवहाराला घाबरत, आणि हाल रुग्णांचे होत. हे मला अक्षम्य वाटतं.

तरी निवडायचंच तर मी पहिला मार्ग निवडेन. मात्र हिजबुल्ला आणि हौथी हे इराणच्या पाठबळावरचे लेबनॉन-येमेनमधले सशस्त्र गट आणि इराणची क्षेपणास्त्रं २०१५ च्या करारातही नव्हती, आणि सौदीची खरी धास्ती तीच होती.