फोटोंची नावं बदलायला दिली आणि पालकांचे नंबर गेले

नागपुरात सक्करदऱ्याला माझा फोटो स्टुडिओ आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि लगेच ओळखपत्रांचं काम येतं. या वर्षी एका शाळेची १,१४० मुलं होती. कॅमेरा फोटोंना डीएससी_०४१२ अशी नावं देतो. शाळेच्या एक्सेल शीटवरून प्रत्येक फोटोला इयत्ता, तुकडी आणि मुलाचं नाव द्यायचं, मग छपाई. हे काम भाच्याने बनवून दिलेली पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट करते, म्हणजे विंडोजला एकामागून एक हुकूम देणाऱ्या काही ओळी. गेल्या वर्षी पाच मिनिटांत झालं होतं.

या वर्षी स्क्रिप्ट चालवली तर नुसत्या एररच्या लाल ओळी. एकही नाव बदललं नाही. भाचा पुण्याला, रात्रपाळीत, फोन बंद. सोमवारी कार्डं द्यायची होती. फोटोग्राफर लोकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला, मी लावला.

"काहून टेन्शन घेता भाऊ, अर्ध्या तासात होऊन जाते." मानेवाड्याचा आहे म्हणाला. बोलणं अस्सल आपल्याकडचं. मी तिथेच विश्वास ठेवला, आणि हे मुद्दाम लिहितोय. आपल्या बोलीत बोलला म्हणून माणूस आपला होत नाही.

आधी ५०० रुपये मागितले, दिले. मग कॉम्प्युटर लांबून चालवायचं ॲप टाकायला लावलं आणि त्याचा कोड विचारला. कोड सांगितला तसा माझा माउस आपोआप फिरायला लागला. त्याने स्क्रिप्ट उघडली, दोन-तीन ओळी बदलल्या आणि चालवली. मी म्हटलं, "आधी फोटोंची कॉपी करून घेऊ का?" तर म्हणे, "गरज नाही भाऊ."

लाल ओळी गेल्या. फोल्डर उघडलं तर १,१४० च्या जागी २३ फाइली.

मला दरदरून घाम फुटला. तो मात्र शांत. म्हणाला, फोटो 'हाइड' झालेत, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लागेल, ६,५०० रुपये. तेही दिले. दहा मिनिटांत कनेक्शन तुटलं आणि माझा नंबर ब्लॉक झाला.

रविवारी सकाळी भाच्याने फोन उचलला. स्क्रिप्ट एक्सेल शीट थेट वाचत नाही, त्यावरून सेव्ह केलेली साध्या मजकुराची सीएसव्ही फाइल वाचते. ती त्याने नोटपॅडमध्ये उघडायला सांगितली. पडद्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. जिथे मुलांची नावं हवीत तिथे ओळीमागून ओळ नुसती प्रश्नचिन्हं. एकाही पोराचं नाव नाही.

"मामा, स्क्रिप्ट बरोबर आहे. तुम्ही शीट साधं सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं."

एक्सेलमध्ये 'सेव्ह ॲज' करताना सीएसव्हीचे दोन-तीन प्रकार दिसतात. साधं सीएसव्ही घेतलं की देवनागरी अक्षरं जातात आणि त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' घेतलं की अक्षरं टिकतात. विंडोज फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालू देत नाही, म्हणून लाल ओळी. गेल्या वर्षी भाच्यानेच शीट सेव्ह केलं होतं, त्यामुळे मला याचा पत्ताच नव्हता. त्या माणसाने प्रश्नचिन्हं पुसून टाकायची ओळ घातली. उरला फक्त इयत्तेचा इंग्रजी आकडा आणि मोकळ्या जागा. म्हणजे पाचवीच्या बहुतेक पोरांच्या फोटोंचं नाव एकच झालं. वर 'फोर्स' लावून मूव्ह करायला सांगितलं, म्हणून प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर जाऊन बसला. मूळ स्क्रिप्टमधली रिनेमची कमांड तेच नाव आधी असेल तर थांबते, फोटो उडवत नाही.

सोबत अजून एक घोळ निघाला. काही रकान्यांत फाइलच्या नावापुढे एक मोकळी जागा होती. डोळ्यांना दिसत नाही, पण स्क्रिप्टला ती फाइल सापडत नाही. एक्सेलमधलं ट्रिम हे सूत्र ती जागा काढून टाकतं. आणि कमांडच्या शेवटी 'व्हॉटइफ' जोडलं की कुठल्या नावाचं काय होणार ते नुसतं दिसतं, प्रत्यक्षात काही बदलत नाही. हे सगळं फुकट, आणि दहा मिनिटांचं.

फोटो बहुतेक परत मिळाले. एक मेमरी कार्ड तसंच होतं. दुसरं फॉरमॅट केलं होतं, पण त्यावर नवीन फोटो काढले नव्हते, म्हणून फोटोरेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ते वर आले. नवीन काही काढलं असतं तर त्यातलेही गेले असते. अकरा मुलांचे फोटो पुन्हा काढावे लागले.

पैशांचं दुःख आहेच. पण भाच्याने त्या ॲपची नोंद पाहिली तर त्यात शाळेचं एक्सेल शीट गेलेलं दिसलं. मी पाणी प्यायला उठलो होतो, तेवढ्यात. त्या शीटमध्ये प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता आणि वडिलांचा मोबाइल नंबर होता. माझ्या स्टुडिओवर विश्वास ठेवून शाळेने दिलेलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला मी तिसऱ्या दिवशी फोन केला. लाजेमुळे दोन दिवस घालवले, ते घालवायला नको होते. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ विचारतात, ते हाताशी ठेवा. सायबरक्राइम पोर्टलवरही तक्रार केली. पैसे अजून आलेले नाहीत.

मुख्याध्यापिका बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या पालकांना मेसेज केला. तरी उशीर झालाच. नंदनवनचे एक ऑटोवाले दादा दुकानात आले. त्यांना 'शाळेतून बोलतो' म्हणून फोन आला होता. मुलीचं पूर्ण नाव, वर्ग, जन्मतारीख सगळं बरोबर सांगितलं, म्हणून त्यांनी फीचे २,००० रुपये पाठवले. मी ते काउंटरवर काढून दिले. त्यांनी घेतले, घडी करून खिशात ठेवले आणि विचारलं, "आमचा नंबर त्याच्याजवळ अजून आहेच न?"

मला 'आहे' म्हणावं लागलं.