पावतीवरचे चौकोन: डॉकर आणि कुबरनेटीस दहा महिने वापरल्यावर

गोव्यात पर्वरीला आमचं सहा जणांचं ऑफिस आहे. लहान हॉटेलं, लॉज आणि देवस्थानांच्या अग्रशाळा यांच्यासाठी खोल्यांचं बुकिंग आणि पावत्या करणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. ग्राहक चाळीसच्या आतबाहेर. गेल्या वर्षीपर्यंत सगळं भाड्याच्या एका सर्व्हरवर होतं. तो सर्व्हर ज्याने उभा केला तो आमचा सहकारी पोर्तुगालचा पासपोर्ट हातात पडल्यावर ऑक्टोबरात लिस्बनला गेला. जाताना दोन पानांची फाइल देऊन गेला. त्यात पासवर्ड, आयपी आणि शेवटी एक ओळ: "बाकी सगळं स्टँडर्ड आहे." त्या 'बाकी सगळं'चा अर्थ आम्ही नोव्हेंबरापासून लावतोय.

निकाल आधीच सांगते. डॉकर, म्हणजे प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट 'कंटेनर'मध्ये बांधून चालवणारं साधन, एकदाही नकोसं झालं नाही. कुबरनेटीस, म्हणजे असे कंटेनर अनेक मशीनांवर चालू ठेवणारं साधन, घेतलं ते घाईत घेतलं. त्यातलं अर्धं आज ठेवलंय आणि अर्धं गुंडाळलंय.

कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन, अशी माझी समजूत होती आणि ती बरेच दिवस मला नडली. एकदा सर्व्हरवर सहज 'पीएस' (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर कंटेनरमधलं आमचं पायथनचं ॲप बाकीच्या प्रोसेसच्या रांगेत गपचूप बसलेलं दिसलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तोच, मशीन तेच. कर्नलमधल्या नेमस्पेसमुळे त्या प्रोसेसला स्वतःच्या फाइली, स्वतःचं नेटवर्क एवढंच दिसतं, आणि तिला मेमरी-सीपीयू किती वाढायचं ते सीग्रुप ठरवतो. यातलं नवीन फारसं काही नाही. सीग्रुप लिनक्सच्या कर्नलमध्ये 2008 पासून आहेत, प्रोसेसला एका फोल्डरपुरतंच जग दाखवणारं चेंजरूट तर 1979 चं. डॉकर 2013 साली आलं ते हे सगळं एका फाइलीत लिहून, बांधून, दुसऱ्याच्या हातात देता येण्याची सोय घेऊन. आम्हाला हवी होती ती हीच.

पहिली इमेज (कंटेनर जिच्यातून सुरू होतो तो बांधलेला गठ्ठा) एक जीबीच्या वर गेली. सगळ्यांची जाते. मूळ पायथन इमेज सोडून 'स्लिम' घेतली, कंपायलर वगैरे पहिल्या टप्प्यात ठेवून फक्त तयार माल दुसऱ्या टप्प्यात आणला, आणि ती तीनशे एमबीच्या आत आली. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधायची कृती लिहिलेल्या फाइलीत, आधी लायब्रऱ्यांची यादी कॉपी करून इन्स्टॉल करायची आणि मग आपला कोड आणायचा, हा क्रम कळल्यावर सहा मिनिटांचं बिल्ड चाळीस सेकंदांवर आलं. उलट क्रम असला की कोडमधला एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या लायब्रऱ्या पुन्हा उतरतात. मी तीन आठवडे तसंच केलं.

मग डिसेंबरात एका अग्रशाळेच्या व्यवस्थापकांचा फोन. "बाय, पावतीवर नावच येत नाही गो, नुसते चौकोन."

पीडीएफ उघडून बघितली. इंग्रजी अक्षरं, आकडे, रक्कम सगळं जागेवर. 'अभिषेक', 'महाप्रसाद', भक्ताचं नाव, गोत्र, जिथे जिथे देवनागरी तिथे रिकाम्या चौकोनांची ओळ. स्लिम इमेजमध्ये देवनागरी फॉन्टच नव्हता. जुन्या सर्व्हरवर होता, कारण लिस्बनवाल्याने कधीतरी तीन-चार वर्षांपूर्वी तो हाताने टाकला होता. फाइलीत नोंद नाही, कारण त्याच्या लेखी ते 'स्टँडर्ड'. डॉकरफाइलमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा' ही एक ओळ वाढवली आणि विषय मिटला. पण ती ओळ आता लिहिलेली आहे, कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये आहे. उद्या मीही कुठे गेले तरी पावतीवर चौकोन येणार नाहीत. डॉकरबद्दल कुणी विचारलं तर मी वेगाचं, स्केलिंगचं काही सांगत नाही, ही गोष्ट सांगते.

दुसरी त्याच जातीची. कंटेनरचं घड्याळ सांगितल्याशिवाय यूटीसीवर चालतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारच्या कामात हे जाणवतही नाही. पण पहाटे काकड आरतीला पाच वाजता जमा झालेली रक्कम रोजच्या हिशेबाच्या स्क्रिप्टने आदल्या दिवसात टाकली. खजिनदार दोन दिवस वहीशी ताळा जमवत बसले आणि वही बरोबर निघाली. जुना सर्व्हर भारतीय वेळेवर लावलेला होता. कुणी लावला ते आता सांगायला नको. एक इशारा: टाइमझोनचं व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' असं दिलं तरी इमेजमध्ये टीझेडडेटा (टाइमझोनांची माहिती असलेलं पॅकेज) नसेल तर ते मुकाट्याने यूटीसीच धरतं, एरर देत नाही.

बारीकसारीक ठेचा आणखी आहेत. डॉकरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये कधीच कापले जात नाहीत, डिस्क भरेपर्यंत वाढतात. कमाल आकार आणि फाइलींची संख्या पहिल्याच दिवशी द्या. डॉकर कंपोज म्हणजे अनेक कंटेनर एका फाइलीतून एकत्र चालवायची सोय; तिच्या 'कंपोज डाउन'ला मागे 'व्ही' लावला की डेटाचे व्हॉल्यूमही जातात. आमच्याकडे हे टेस्ट मशीनवर झालं, देवाची कृपा. तेव्हापासून खरा पोस्टग्रेस डेटाबेस कंटेनरबाहेर, वेगळ्या मशीनवर ठेवलाय आणि त्याचा मला अजिबात कमीपणा वाटत नाही.

फायरवॉलचं मात्र नीट वाचा. उबंटू लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावून पोर्ट बंद केलाय असं आपण समजतो, पण डॉकर पोर्ट प्रकाशित (बाहेरून पोचता येईल असा खुला) करताना आयपीटेबल्स या लिनक्सच्या आतल्या नेटवर्क-नियमांमध्ये स्वतःचे नियम घालतं आणि यूएफडब्ल्यू बाजूला राहतं. आमचा रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) चार दिवस जगाला उघडा होता. पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहिलं की तो मशीनपुरताच राहतो. किंवा प्रकाशितच करू नका, कंपोजच्या नेटवर्कमध्ये कंटेनर एकमेकांना नावाने सापडतात.

इथपर्यंत थांबलो असतो तरी चाललं असतं. पण फेब्रुवारीत एका मोठ्या ग्राहकाने विचारलं, जत्रेच्या दिवसांत बुकिंग बंद पडता कामा नये, तुमच्याकडे काय व्यवस्था? आणि आम्ही छाती काढून 'कुबरनेटीस' म्हणालो.

नावाचा अर्थ ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा, आपल्याकडचा तांडेल. गूगलने 2014 मध्ये जाहीर केलं, 1.0 आवृत्ती जुलै 2015 ची. काम तांडेलाचंच: तुम्ही लिहून द्यायचं की या ॲपच्या चार प्रती चालू हव्यात, आणि ते डोळ्यात तेल घालून चारच्या चार ठेवतं. एक मेली की दुसरी उभी करतं. पूर्ण कुबरनेटीस आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून त्याची के-थ्री-एस ही हलकी आवृत्ती घेतली. एकच बायनरी, एका कमांडीत इन्स्टॉल, बाहेरून येणाऱ्या विनंत्या योग्य ॲपकडे वळवणारं 'ट्रेफिक' (Traefik) आत आयतं. प्रत्येकी चार जीबीची तीन मशीनं. महिन्याचं भाडं दोन हजारांवरून सात हजारांवर गेलं, हेही सांगून ठेवते.

(मध्येच एका ग्राहकाच्या सल्लागाराने "डॉकर आता बंद झालं ना, कुबरनेटीसने काढून टाकलं" अशी हवा केली. काढलं ते डॉकरशी बोलणारा आतला जोड, 2022 मध्ये, 1.24 आवृत्तीत. डॉकरने बांधलेली इमेज आजही जशीच्या तशी कंटेनर-डीवर (कुबरनेटीस आता कंटेनर चालवायला जे वापरतं त्यावर) चालते. घाबरू नका.)

चांगलं आधी. पूर्वी नवी आवृत्ती चढवायची म्हणजे रात्री अकरानंतर, ग्राहकांना मेसेज टाकून, जीव मुठीत धरून. आता दुपारी जेवायच्या आधी चढवते. एकेक पॉड (कुबरनेटीस चालवतं ती ॲपची एक प्रत) बदलत जातो, नवे तयार होतील तसतसे जुने जातात, आणि बिघडलं तर 'रोलआउट अनडू', की जुनी आवृत्ती परत. मे महिन्यात तीनपैकी एक मशीन रात्री दोनच्या सुमाराला मेलं. मला सकाळी चहा घेताना कळलं. पॉड उरलेल्या दोनांवर हलले होते. लगेच नाही हं. मशीन गेलंय हे ठरवायला आणि वर आणखी पाच मिनिटं थांबायला ते वेळ घेतं, पण दोन प्रती दुसरीकडे होत्याच, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. नशीब, गेलं ते कामकरी मशीन. बाकीच्यांना हुकूम सोडणारं मशीन, म्हणजे सर्व्हर नोड, आमच्याकडे एकच, त्याची सगळी स्मरणशक्ती एका एसक्यूलाइटच्या फाइलीत. तो गेला असता तर चालू पॉड चालत राहिले असते, पण तांडेल नाही.

आता जुलैचा तो शनिवार. मी डिचोलीला घरी. बाहेर पाऊस मी म्हणत होता, वीज दुपारीच गेलेली, लॅपटॉपला फोनचं नेट. एका हॉटेलमालकाने वर्षभराचा अहवाल काढायला घेतला आणि डेटाबेस थोडा मंदावला. थोडाच. पानं दोन-तीन सेकंदांनी उघडत होती. आणि पाच मिनिटांत सगळी साइट बंद.

'गेट पॉड्स' मारलं. चारही पॉडच्या रीस्टार्टचा आकडा चढतोय: 2, 3, 4. मग तो कुप्रसिद्ध शब्द, क्रॅशलूपबॅकऑफ: पॉड पुन्हापुन्हा पडतोय, म्हणून थांबून थांबून उठवतोय. ऑफिसातल्या ज्युनिअरचा फोन, "ताई, मी काहीच केलं नाही हो!" खरंच त्याने काही केलं नव्हतं. केलं होतं मी, फेब्रुवारीत, कुठूनतरी उचललेली लाइव्हनेस प्रोब चिकटवून. कुबरनेटीस दर दहा सेकंदांनी ॲपला विचारतं, जिवंत आहेस का? एका सेकंदात उत्तर आलं नाही तर नापास. लागोपाठ तीनदा नापास, की कंटेनर मारून पुन्हा सुरू. हे आकडे मूळचेच, मी बदलले नव्हते. आणि त्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी आमचं ॲप डेटाबेसला एक क्वेरी करत होतं. डेटाबेस मंद, म्हणून उत्तर उशिरा, म्हणून ॲप मृत, म्हणून मारा. चारही एकदम. पुन्हा उठलेले पॉड डेटाबेसवर एकदम नवी कनेक्शनं घेऊन तुटून पडले, तो आणखी मंद. त्यात दर खेपेला पुन्हा उठवायच्या आधी थांबायचा वेळ दुप्पट होतो: दहा सेकंद, वीस, चाळीस, असं करत पाच मिनिटांपर्यंत. मेलेलं काहीच नव्हतं. जुन्या एकट्या सर्व्हरवर त्या दिवशी लोकांनी "आज स्लो आहे" म्हणून सोडून दिलं असतं. इथे पंचवीस मिनिटं बुकिंग बंद.

प्रोब काढून टाकली, साइट उठली. आता लाइव्हनेसला फक्त 'प्रोसेस अडकली नाही ना' एवढंच विचारतो. पॉडकडे गिऱ्हाईक पाठवायचं की नाही ते रेडिनेस नावाची दुसरी प्रोब ठरवते, तिला तीन सेकंद दिलेत. रेडिनेसमध्ये डेटाबेस तपासावा का, यावर ऑफिसात अजून दोन तट आहेत. माझ्या मते नको. डेटाबेस गेला तर चारही पॉड एकदम रजेवर जाणार.

त्या शनिवारनंतर आवराआवर केली. बुकिंगचं मुख्य ॲप आणि पावत्या के-थ्री-एसवर राहिल्या. आमची साइट, टेस्टची यंत्रणा, लहान ग्राहकांचे अहवाल हे सगळं एका साध्या मशीनवर डॉकर कंपोजमध्ये परत आणलं. सहा जणांच्या ऑफिसात कुबरनेटीस कळणारी दीड माणसं असताना प्रत्येक गोष्टीसाठी तीनशे ओळींची यॅमल (सेटिंगची) फाइल सांभाळणं परवडत नाही. ज्यांचं काम एका मशीनवर मावतंय आणि पाच मिनिटं बंद राहिल्याने कुणाचं अडत नाही, त्यांनी त्या वाटेला जाऊच नये. आणि जाणार असाल तर निदान सहा महिने नुसतं डॉकर वापरून मग जा. पॉड का मेला हे शोधताना दहापैकी सात वेळा उत्तर कंटेनरमध्येच असतं. बंद पडताना कंटेनर जो आकडा मागे सोडतो, तो एक्झिट कोड 137 दिसला तर बहुधा मेमरी संपलेली असते. आमची संपायची ती महिनाअखेरीला शेकडो पावत्या एकत्र काढताना.

आणखी एक, पासवर्ड वगैरे ठेवायच्या जागेला कुबरनेटीस सीक्रेट म्हणतं, त्या शब्दाला फसू नका. कुबरनेटीसचं सीक्रेट हे बेस64 असतं, म्हणजे कुणालाही सहज उलटवता येणारी लिपी, कुलूप नव्हे. ती फाइल गिटमध्ये टाकलीत तर पासवर्ड चावडीवर वाचल्यासारखंच.

परवा चवथीला लिस्बनवाला घरी आला होता. ऑफिसात नेवऱ्या घेऊन आला आणि माझ्या शेजारी बसून डॉकरफाइल वाचायला लागला. लोहितच्या ओळीवर थांबला.

"हा फॉन्ट कशाला?"

"तूच घातलेलास."

"मी?" त्याला खरंच आठवेना. मग खाली वाचत गेला, मान डोलावत. आणि सहज विचारलं, "सीझनचे दर चढवणारं क्रॉन कुठे घेतलंत? एक ऑक्टोबरचं?"

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, आणि हे आम्ही कुठेच घेतलं नव्हतं. वर्षातून एकदा चालतं, तो जायच्या आधी गेल्या खेपेला चालून गेलं, त्यामुळे कुणाच्या गावीही नाही. जुन्या सर्व्हरचा स्नॅपशॉट सुदैवाने ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो उघडला. आम्ही रूटचं, म्हणजे मुख्य युजरचं क्रॉनटॅब (अशा कामांची यादी) बघितलं होतं, हे त्याच्या स्वतःच्या युजरच्या क्रॉनटॅबमध्ये होतं, एकच ओळ, वर कॉमेंट नाही. आता ते क्रॉनजॉब म्हणून के-थ्री-एसवर आहे, टाइमझोन कोलकाता लिहून. एक ऑक्टोबरला अजून तीन आठवडे आहेत.