'2018 पासिंग' आणि 2018 ची गाडी: जुनी स्विफ्ट चौदा महिने वापरल्यावर

सेकंडहँड मारुती स्विफ्ट घेऊन चौदा महिने झाले. पेट्रोल, व्हीएक्सआय (मधलं व्हेरिएंट), सप्टेंबर 2018 ची. घेतली तेव्हा 62 हजार किलोमीटर पळाली होती, आता 79 हजारांवर आहे. रोज पुण्यात ऑफिस आणि महिन्यातून दोनदा कराड. चालते कशी ते सांगतोच, पण आधी कुठल्या सालची घेऊ नये ते. माझे दोन महिने त्यातच गेले.

पहिली स्विफ्ट 2005 ची. त्या पिढीच्या गाड्या आज मातीमोल भावात मिळतात, पण पंधरा वर्षं उलटली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर मागे लागतो. नूतनीकरणाची फी 2022 पासून 5,000 रुपये झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला 2025 पासून 10,000. त्या बाजूला मी फिरकलोच नाही.

खरा मोह होतो तो 2011 ते 2017 च्या गाड्यांचा. जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या यार्डात सगळ्यात जास्त याच उभ्या असतात, इंजिन दणकट, गल्लीतला मेकॅनिकही डोळे मिटून खोलतो. पण पेट्रोलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये बहुतेक वेळा एअरबॅगच नसते. 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने अशीच बिनएअरबॅगची स्विफ्ट आपटून बघितली तेव्हा तिला पाचपैकी शून्य तारे मिळाले. सगळ्यात वरची, एअरबॅगवाली झेडएक्सआय हाती लागली तर गोष्ट वेगळी. फेब्रुवारी 2018 मध्ये नवी पिढी आली तेव्हापासून अगदी सगळ्यात खालच्या एलएक्सआयलाही दोन एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) आणि मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स आहे. तिलाही एनकॅपने दोनच तारे दिलेत, तेव्हा हा काही किल्ला नाही. पण माझी मुलगी मागे बसते, आणि शून्य आणि दोन यांतला फरक मला पुरेसा वाटला.

आता मेख. एका यार्डात '2018 मॉडेल, फर्स्ट ओनर' म्हणून दाखवलेली गाडी सरळसरळ जुन्या आकाराची होती. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) मागितलं. उत्पादन 11/2017, पासिंग म्हणजे नोंदणी जानेवारी 2018. "साहेब, कागदावर 2018 आहे ना?" भावही 2018 चाच सांगत होता! म्हणून आरसीवर नोंदणीची तारीख नाही, उत्पादनाचा महिना वाचा.

2018 मध्येही महिना बघायचं आणखी एक कारण आहे. 1 डिसेंबर 2017 ते 16 मार्च 2018 या काळात बनलेल्या स्विफ्ट आणि बलेनो मिळून 52,686 गाड्या कंपनीने ब्रेकच्या व्हॅक्यूम होजसाठी (ब्रेकला जोर देणारी नळी) परत बोलावल्या होत्या. मग 7 मे ते 5 जुलै 2018 मधल्या स्विफ्ट-डिझायर मिळून 1,279 गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी. काम फुकटात झालं, त्यामुळे या गाड्या बाद नाहीत. पण चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा, काम खरंच झालंय का.

एक गाडी तर मी जवळपास घेतलीच होती. एमएच 08, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातली, आतून चकाचक, अत्तराचा भपकारा. आमच्या गॅरेजवाल्या अण्णांनी काही न बोलता सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ! 22 जुलै 2021 ला त्याच जिल्ह्यातलं चिपळूण पुरात बुडालं होतं, हे मला तेव्हा आठवलं. ऑगस्ट 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराचंही तेच. एमएच 08, 09 (कोल्हापूर), 10 (सांगली) च्या सगळ्याच गाड्या काही पाण्यात गेल्या नव्हत्या. पट्टा मात्र सगळ्यांचा ओढायचा.

स्विफ्टचं डिझेल मार्च 2020 ला बंद झालं. रोजचं रनिंग मोठं असेल तरच बघा. दिल्लीत डिझेलला 2025 पर्यंत दहा वर्षांची मर्यादा होती, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात आल्या, पण एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि इथला रोड टॅक्स धरला की तो स्वस्तपणा आटतो. 2021 ला आलेलं ड्युअलजेट पेट्रोल इंजिन माझ्यापेक्षा जास्त ताकदीचं आहे, माझ्या बजेटबाहेर होतं.

आता माझी गाडी. शहरात लिटरला 14, कराडच्या रस्त्यावर 19 च्या आसपास. खंबाटकी घाटात पाच माणसं आणि एसी असेल तर तिसऱ्यात टाकावी लागते, मग कुरकुर नाही. ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर, आधीच्या पिढीपेक्षा सात कमी. ऐकायला काहीच नाही, पण आमच्या आळीतला स्पीडब्रेकर सगळे बसलेले असताना तिरकाच घ्यावा लागतो. डिकी मात्र आधीच्यापेक्षा बरीच मोठी, आईचं तांदळाचं पोतं आणि दोन बॅगा आरामात मावतात. खर्च म्हणाल तर चार टायर (जुन्यांवर 3418 छापलेलं, म्हणजे 2018 च्या 34 व्या आठवड्यातले, गाडीसोबत आलेलेच), बॅटरी, आणि 70 हजार किलोमीटरला क्लच. मिळून तीसेक हजार रुपये. घेतानाच हे धरून भाव पाडायला हवा होता. पाडला नाही.

आणि कागद. पैसे देऊन झाले, पण आधीच्या कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलाच नव्हता. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) हातात येईपर्यंत तीन महिने यार्डवाला 'एजंटकडे दिलंय' एवढंच सांगत होता. तेवढ्यात आधीच्या मालकांचा साताऱ्याहून फोन. "अहो, आनेवाडीचा टोल माझ्या खात्यातून जातोय." जुना फास्टॅग काचेवर तसाच होता. मी ओशाळून लगेच पैसे पाठवले. ते म्हणाले, "बरं, आता इकडून जाल तेव्हा दुसरी किल्ली पण घेऊन जा, ती माझ्याकडेच राहिलीय." यार्डवाल्याने मला सांगितलं होतं, किल्ली एकच आहे.