तिहेरी लेपाचा एसपीएमई फायबर: वासासाठी उत्तम, आकड्यांसाठी जपून

एसपीएमई म्हणजे लेप दिलेल्या बारीक तंतूवर (फायबरवर) वासाचे रेणू पकडायची पद्धत. इथला तिहेरी लेप डीव्हीबी-कारबॉक्सेन-पीडीएमएस, जाडी 50/30 मायक्रॉन. अन्नाचा वास जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासायचा तर बहुतेक लॅबमध्ये आधी हाच फायबर निघतो, आणि ते रास्तच आहे. सॉल्व्हंट लागत नाही, हलके-जड दोन्ही रेणू पकडतो.

नवा फायबर यंत्राच्या इंजेक्टरमध्ये (नमुना आत सोडायच्या तापत्या भागात) 270 अंशांवर अर्धा तास तापवून घ्या. त्यावर नेलात तर लेप खराब होतो. हापूससाठी 20 मिलीच्या व्हायलमध्ये 5 ग्रॅम गर, दीडेक ग्रॅम मीठ, 40 अंशांवर 10 मिनिटं हलवणं आणि मग अर्धा तास फायबर वरच्या हवेत, ही बरी सुरुवात. लायनर (इंजेक्टरमधली काचनळी) 0.75 मिमीचाच घाला, रुंद लायनरमध्ये सुरुवातीचे पीक (आलेखातले उंचवटे) पसरतात.

खरी गोची लेपावरच्या मोजक्या जागेची. ओसिमीनसारखी टर्पिनं (वासाची संयुगं) भरमसाट असली की हलक्या रेणूंना हुसकावतात. वेळ वाढवून उलट नुकसानच. फ्युरॅनिऑल हा गोडसर वासाचा रेणू तर पाण्यातच रमतो, हवेत जेमतेम येतो. त्याचा पीक दिसला नाही म्हणून ‘आढळला नाही’ असं रिपोर्टात लिहू नका. तेलकट नमुन्यात चरबी वास धरून ठेवते, म्हणून पाण्यातल्या कॅलिब्रेशनचे (माहीत मात्रेवरून बसवलेल्या मोजपट्टीचे) आकडे तिथे लावू नयेत. समस्थानिक-चिन्हांकित अंतर्गत मानक (जड अणू घातलेला तोच रेणू, माहीत मात्रेत नमुन्यात मिसळायचा) महाग पडतं, पण प्रमाण सांगायचं तर तेच घ्यावं.

73, 207, 281 वस्तुमानाचे आयन दिसले तर तो सिलॉक्सेन (यंत्राच्या सिलिकॉन भागांतून सुटलेला अंश) आहे, आंबा नव्हे. आधी सेप्टम (इंजेक्टरवरचं रबरी बूच) बदला. जाड सुईने त्याचे तुकडे लायनरमध्ये पडतात.