लाइमवरच्या नव्या औषधांचा माग: क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह

ताईला लाइम झाला, म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जिवाणूंचा आजार. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स पूर्ण झाला, पण थकवा आणि सांधेदुखी काही तिचा पिच्छा सोडत नाहीत. ‘लाइमवर नवं औषध’ अशी बातमी आली की ती लगेच मला पाठवते, आणि मी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही साइट उघडते. माणसांवर होणाऱ्या औषधचाचण्यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही नोंदवही २००० सालापासून चालू आहे. फुकट आहे, खातं उघडायची भानगड नाही.

सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे औषध माणसांपर्यंत पोचलंय का, ते इथे कळतं. २०२१ मध्ये अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किम लुईस यांच्या चमूने हायग्रोमायसिन ए पुढे आणलं. हे १९५० च्या दशकातलं औषध लाइमच्या जिवाणूला, बोरेलियाला, मारतं, पण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना फारसा धक्का लावत नाही. २०२५ मध्ये पिपरॅसिलिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची बातमी आली: डॉक्सिसायक्लिनच्या शंभर पट कमी मात्रेत काम झालं म्हणे. दोन्ही वाचून ताईचा आवाज बदलला होता. पण बरे झाले होते ते उंदीर, आणि हे बातम्यांमध्ये बरंच खाली लिहिलेलं असतं.

आजाराच्या रकान्यात ‘लाइम’ आणि खाली औषधाचं नाव टाकायचं. चाचणी सापडली की मी आधी तुलना कशाशी आहे ते बघते. लाइमनंतरच्या त्रासावर महिनोन्‌महिने प्रतिजैविकं देऊन पाहिली, तेव्हा ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. हे २००१ सालीच छापून आलंय. म्हणून तुलनेचा गट नसेल तर मी ताईला आशा लावत नाही.

मग कोणाला घेणार, कोणाला नाही, ही यादी. इथे साइट फार छळते. भाषा डॉक्टरांची, ताईचे जुने रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचावी लागते. काही नोंदींवर ‘अननोन’ असा शेरा दिसतो, म्हणजे चाचणी संपायची तारीख उलटली आणि दोन वर्षांत कोणी माहिती ताजी केलेली नाही. रुग्णांनी वेळ दिला, रक्त दिलं, त्यांना निकाल कळायलाच हवा. याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक. इथे नाव आहे म्हणजे सरकारने उपचार तपासलाय, असं नाही. साइट स्वतःच तसं सांगते. पैसे मागणारी चाचणी दिसली तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

पाचपैकी चार तारे. एक तारा त्या ‘अननोन’ नोंदींसाठी कापला.