गुपित भाषेसाठी लिपी: ठिपक्यांची रांगोळी की सुतळीच्या गाठी?

सुट्टीत पोरांना घेऊन नवी भाषा रचायची, तर आधी लिपी ठरवा. अक्षरं किती परवडतात, हे तीच सांगते.

रांगोळीत ३×३ ठिपके म्हणजे एक अक्षर. बाहेरच्या ८ ठिपक्यांवरच्या आकृतीने व्यंजन दाखवायचं. मधल्या ठिपक्यापासून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे काढलेल्या रेघेने स्वर. ८ व्यंजनं, ४ स्वर, ३२ अक्षरं झाली. घोळ होतो तो दिशेचा. रांगोळी चारी बाजूंनी बघितली जाते, म्हणून उंबऱ्याकडून वाचलेला ‘कि’ रस्त्याकडून ‘कु’ होतो. उपाय सोपा: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, वरच्या अंगाला जोडठिपका. जी व्यंजनाकृती फिरवल्यावर दुसरीसारखी दिसते, ती सरळ बाद करा. सारवलेल्या अंगणात बारीक रेघ छान उठते. बीड-परभणीकडचा उन्हाळी वारा मात्र दुपारपर्यंत मजकूर पुसून टाकतो.

सुतळीवर चारच गाठी बोटांना नीट कळतात: साधी, आठाची, दोन वेढ्यांची, तीन वेढ्यांची. पहिली गाठ व्यंजन, दुसरी स्वर, अक्षरं १६. कमी वाटतात, पण दोन अक्षरी शब्द २५६ होतात, खेळाला रग्गड. सुरुवातीला मणी ओवाच, नाहीतर दोरी उलटी वाचली जाते. भूतकाळाला हळदीत रंगवलेली सुतळी वापरली की प्रत्ययच नको! दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या इंका लोकांच्या गाठीदार दोऱ्यांतही रंगाला अर्थ असे. चुकलेली गाठ सोडवताना सुतळी पिंजते, तेव्हा आधी सैल बांधा, वाचून बघा, मग आवळा.

पटकन वाचायला रांगोळी बरी. खिशातून चिठ्ठी पोचवायची असेल, तर सुतळीच.